सासूबाईंचा सोमवार

"सोमवार मोडू नकोस हो, रत्ना. मी धरला, आता तू धर." सासूबाई जाताना एवढंच सांगून गेल्या. त्याला एकवीस वर्षं झाली. टाउनशिपमधली तीन क्वार्टर्स बदलली, पण रत्नप्रभाबाईंचा सोमवार काही सुटला नाही. उलट त्याच्या सोबतीला गुरुवार आला, शनिवार आला; एकादशी, चतुर्थी तर होत्याच.

त्यामुळेच परवा डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघून विचारलं, "अम्माजी, हफ्ते में आप खाती कब हैं?"

श्वासनळीत मसुराएवढी गाठ होती. कर्करोगाचीच, पण वेळेत सापडलेली. शिरेतून औषध द्यायचं, ते गाठीत मुरलं की बारीक नळीतून आत लाल उजेड सोडायचा, असं ठरलं होतं. अडलं होतं ते रक्तापाशी. हिमोग्लोबिन आठ! तीन आठवडे गोळ्या, पोटभर जेवण, आणि उपास बंद.

"उजेडाला माझ्या जेवणाशी काय करायचंय, बाई?" घरी आल्यावर त्या पुटपुटल्या.

त्यांचे यजमान नरहरराव कारखान्यात गॅस कटिंगचे फोरमन. त्यांचा चेहरा एकदम खुलला. "अगं, हे तर आमच्या शॉपमधलंच! कटिंग टॉर्चची ज्योत लोखंड नुसतं लाल करते. कापतो तो ऑक्सिजनचा झोत. तुझंही तसंच. उजेड औषधाला जागं करणार, औषध तिथल्या ऑक्सिजनला चेतवणार, आणि गाठीला मारणार तो ऑक्सिजन. तो पोचवणार कोण? रक्त."

"म्हणजे माझं सिलिंडर रिकामं?"

"आठावर आलंय!"

त्या हसल्या, पण नजर देवघराकडे गेली. "बाकीचे वार सोडीन मी. देव रागावायचा नाही. पण सोमवार... आईंना शब्द दिलाय हो."

नरहररावांनी खुर्ची जवळ ओढली. "आई कुणाची होती?"

"तुमची."

"मग तिचा सोमवार मी धरतो. तू बरी होईपर्यंत."

"तुम्ही?" बाईंनी पदर तोंडाला लावला. ड्युटीआधी सोनागिरी चौकातल्या ठेल्यावर पोहे-जिलबी खाल्ल्याशिवाय या माणसाचा सोमवार कधी उजाडला नव्हता.

सोमवारी खाली कारखान्यातल्या केशवच्या स्कूटरचा हॉर्न वाजला. नरहरराव खिडकीतून म्हणाले, "तू हो पुढे. आज पोहे नाहीत."

"तब्येत ठीक आहे ना, भाऊ?"

"एकदम झकास!"

त्यांनी बायकोपुढे भाकरी, मेथीची भाजी आणि खजूर मांडला. "साबुदाणा चालतो ना गं?"

"चालतो. जिलबी नाही चालत."

"ते विचारलंच नव्हतं मी."

रत्नप्रभाबाईंनी डोळे मिटून सासूबाईंना नमस्कार केला आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदाच सोमवारी सकाळी भाकरीचा घास तोंडात घातला. गोड लागला.

नरहररावांनी सवयीने हातात घेतलेली स्कूटरची किल्ली खिळ्याला परत अडकवली, तांब्या आणि बेलाची पानं घेतली, आणि पोह्याचा ठेला जिथे लागत नाही तो मागचा रस्ता धरून ते महादेवाकडे निघाले.