अष्टमीचा मुक्काम ठरला

"पट्टा रुंद ठेवलाय गो बायजा, तुज्या खांद्याला रुतायला नको."

मित्रांनो, या जन्मात माणसाच्या तोंडून मी ऐकलेले हे पहिले शब्द. आज इतकी वर्षं लोटली, तरी तो आवाज अजून माझ्या टाक्याटाक्यांत आहे.

मी एक जुनी पाठपिशवी आहे. त्याआधी मी शीड होते. धरमतरच्या खाडीत मीठ वाहणाऱ्या मचव्यावर वारा पोटात घेऊन उभी असायचे. मचवा मोडीत निघाला, तेव्हा त्यावरच्या म्हाताऱ्या खलाशाने, कान्हूने, माझा धड राहिलेला भाग कापून घेतला. दाभणात मेण लावलेला दोरा ओवला आणि लेकीसाठी मला शिवलं. त्याची लेक बायजा लग्न होऊन वडखळच्या बाजूला, मिठागरवाल्या हिरामणच्या घरी निघाली, ती मला पाठीला लावूनच.

पुढे मी काय काय वाहिलं म्हणून सांगू! भाकऱ्या वाहिल्या, सुकट वाहिली, पेणच्या बाजारातून बांगड्या आणल्या. बायजाची बायजाबाई झाली, तिची लेक मैना तान्ही होती तेव्हा तीसुद्धा माझ्यातून डोकं बाहेर काढून मिठागराच्या बांधावर हिंडली. बाया मला चाचपून बघायच्या. असं कापड आता मिळत नाही म्हणायच्या. मी मनातल्या मनात फुगायचे, पुन्हा शीड व्हायचे.

मग घरात नायलॉनच्या पिशव्या आल्या. लाल, निळ्या, हलक्या. मी माळ्यावर गेले. माझ्यात आधी जुनी जाळी भरली, नंतर नुसता कोंडा, नंतर काहीच नाही. एका उंदरीने माझ्या कोपऱ्यात पिल्लं घातली. मित्रांनो, रिकामं असणं फाटण्यापेक्षा जड असतं बरं का.

आणि एका दुपारी माळ्याची फळी वाजली. मैना गोधड्या शोधायला चढली होती. डोलवीच्या कंपनीत कामाला लागलेली, चोवीस वर्षांची मैना. तिने मला ओढून काढलं, झटकलं, दोनदा शिंकली आणि खालच्या वृंदाला हाक मारून म्हणाली, हीच न्यायची.

कुठे न्यायची? हिमालयात! वृंदा ही तिची पेणच्या कॉलेजातली मैत्रीण, आता रोह्याला शाळेत शिकवणारी. तिने एक फोटो आणला होता. बर्फाचे डोंगर, झाडंही जिथे उगवायचं सोडून देतात इतकी उंची आणि मधे एक निळं तळं. तीन दिवस पायी चढायचं. फोटो घरभर फिरला. बायजाबाईने तो सगळ्यांत जास्त वेळ धरला, विचारलं एवढंच, की पाणी खारं की गोडं. गोडं म्हटल्यावर ती गप्प झाली, ती गप्पच.

बाकी घर मात्र उधाणलं. मला उन्हात घातलं, धुतलं. सराव म्हणून रविवारी मीठ भरून माझं ओझं करायचं आणि मैना-वृंदाने मला आळीपाळीने पाठीवर घेऊन अवचितगड चढायचा. चढताना दोघी धापा टाकत होत्या, पण तोंडं बंद नव्हती. शेजारची धोंडुबाई रोज अंगणात येऊन चिडवायची, "वरती मासली मिलल का गो? नाय तर जाऊन काय खाशाल, बरफ?" मैना म्हणायची, तुझ्यासाठी पण आणते बांधून.

हिरामणने तर बेत आपल्याच हातात घेतला. वृंदाने पौर्णिमेचा मुक्काम धरला होता, चांदण्यात तळं बघायचं म्हणून. ते ऐकून त्याच्या हातातली बशी थांबली. पौर्णिमेला उधाण, बांध फुटतात, आणि पोरी पाण्याच्या काठाला झोपणार? त्याचा सारा जन्म भरती-ओहोटी मोजण्यात गेलेला. मैनाने परोपरीने सांगितलं, की बाबा, त्या तळ्याला भरती नसते. तो ऐकेना.

"पानी म्हनजे पानी. उंचावर हाय म्हून काय चंद्राला दिसत नाय? उलट जवल हाय त्याच्या."

यावर वृंदा इतकी हसली की तिला ठसका लागला. पण काकांचा शब्द मोडवेना. अष्टमीला भरती लहान, पाणी शांत असतं, म्हणून अष्टमीचा मुक्काम ठरला. बेत आठवडाभर पुढे गेला.

तिकडे बायजाबाई अंगणात बसून उंदराने कुरतडलेल्या माझ्या कोपऱ्याला ठिगळ लावत होती. टाके बारीक, ओठ मिटलेले. घरातल्या सगळ्यांनी धरून ठेवलं होतं, की लेकीचं जाणं तिला पसंत नाही. खरं सांगू? मलाही तसंच वाटलं.

तिकिटं काढायच्या आदल्या दिवशी वृंदा आली, ती पडलेल्या चेहऱ्याने. जनगणनेच्या कामावर तिचं नाव लागलं होतं आणि काम सुरू होणार होतं नेमकं अष्टमीच्या आठवड्यात. आधीच्या, पौर्णिमेच्या आठवड्यातल्या चढणाऱ्यांच्या जागा तोवर भरून गेल्या होत्या. डोंगराच्या पायथ्यापासून पुढे चढणाऱ्यांची सोबत होती, पण तिथवर दोन दिवसांचा गाडीचा प्रवास. मैनाने एकटीने जायचं नाही, हे हिरामणने पहिल्याच दिवशी सांगितलेलं.

आता तोच खाली मान घालून म्हणाला, "माज्यामुलं झाला ह्यो."

मैना माझ्याजवळ बसली आणि एकेक वस्तू बाहेर काढू लागली. स्वेटर, टोपी, सुकटीची पुडी. माझं पोट पुन्हा रिकामं होऊ लागलं.

मित्रांनो, तुमच्या माळ्यावर माझ्यासारखी एखादी असेल, तर तिला अधूनमधून ऊन दाखवा. एवढंच नाही, जिथे ती जाऊ शकेल तिथे तिला न्या. जपून ठेवलेली वस्तू कुजते, वापरलेली जगते. आणि घरातलं एखादं माणूस फार दिवस गप्प असेल, तर त्याच्या मनातलं आपणच ठरवून टाकू नका. विचारा.

मैनाने विचारलं. हातातली टोपी तशीच धरून म्हणाली, "आये, तू इतके दिवस काय बोललीच नायस. मी जाऊ नये, असंच वाटत होतं ना तुला?"

बायजाबाईने दाताने दोरा तोडला. नवऱ्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. मग मैनाच्या हातातली टोपी घेऊन ती पुन्हा माझ्यात ठेवली.

"मना सोताला जावाचा हाय गो. तो फोटो बघितला तवापासून. आख्खा जलम पानी आडवला, सुकवला, त्याचा मीठ केला. एकदा मना असा पानी बघायचा हाय, ज्याचा काय बी करावाचा नाय. नुसता बघायचा."