ठिपकीची ऊब

सोफे आणि गाद्या शिवणाऱ्या त्या कारागिराच्या घरात पाल होती, आणि तीही काचेच्या पेटीत. इतरांच्या घरी पाल दिसली की झाडू निघतो. याच्या बायकोने मात्र हौसेने आणली होती. पिवळी, अंगभर काळे ठिपके, गुबगुबीत शेपटी. नाव ठिपकी. भिंतीवर चढायची नाही, आणि घरातल्या पालीला नसतात तशा हिला पापण्या होत्या.

"बघा, माझ्याकडे बघून डोळे मिचकावते," बायको म्हणायची. "तुम्ही कधी मिचकावलेत?"

बायको जाऊन चार महिने झाले होते. लेक दुसऱ्या शहरात होती. आईचे दिवस झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, ठिपकीला मी नेते. तुम्हाला जमायचं नाही."

"का? मला हात नाहीत?" तो म्हणाला आणि दिली नाही. बायकोच्या आवाजाला पेटीतून मान वर करणारा तेवढाच एक जीव घरात उरला होता. तो गेला असता तर मग कशासाठी घरी यायचं?

मग उंदीर झाले. खाली त्याचं दुकान, तिथे कापूस आणि फोम, म्हणजे उंदरांचं माहेरच. ते वर आले आणि बायकोने अर्धवट विणलेल्या स्वेटरमध्ये त्यांनी पिल्लं घातली. विष ठेवावं तर ते खाल्लेलं झुरळ पेटीत शिरून ठिपकीच्या पोटात जायचं. म्हणून त्याने ते भिंतीच्या प्लगमध्ये लावायचं यंत्र आणलं. उंदरांना नकोसा होणारा बारीक आवाज ते करतं, माणसाला ऐकू येत नाही. खोक्यावर लिहिलं होतं, पाळीव प्राण्यांना सुरक्षित. शेजारी कुत्र्याचं चित्र होतं, मांजराचं होतं. पालीचं नव्हतं.

"पालीला चालेल ना?" त्याने दुकानदाराला विचारलं.

"काका, पाल पळाली तर दुधात साखर!"

यंत्र लावलं आणि खुडबुड थांबली. पण त्याच्या जिवाला स्वस्थता नाही. आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे तिलाही येत नसेल कशावरून? बिचारी ओरडणार कशी? त्याने यंत्र काढून खाली दुकानात लावलं. तरी वाटायचं, जमिनीतून आवाज वर येत असला तर?

आवाज कसा अडवायचा हे मात्र त्याला ठाऊक होतं. एका गाण्याच्या क्लासच्या भिंती त्याने फोमने मढवून दिल्या होत्या. तशीच त्याने ठिपकीची पेटी मढवली. खालून, तिन्ही बाजूंनी, वरून झाकणासकट. कडा दुहेरी शिवणीच्या. सोफ्यालाही इतकं नीट काम त्याने कधी केलं नसेल. फक्त पेटीवरचा दिवा आड येत होता. बायको तो रोज सकाळी लावायची. पण फोमजवळ तापलेला दिवा म्हणजे आगीशी खेळ, हे गादीवाल्याला कोणी शिकवायला नको. त्याने दिवा काढला. एवढ्या जाड फोमात तिला थंडी कुठली वाजणार?

आठवड्याभरात ठिपकीने खाणं सोडलं. त्याला वाटलं, आवाज अजून पोचतोय. त्याने फोमचा आणखी एक थर चढवला. तिसऱ्या आठवड्यात तिची शेपटी वाळक्या शेंगेसारखी झाली, तेव्हा तिला पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून तो प्राण्यांच्या दवाखान्यात धावला.

डॉक्टरीणबाईंनी ठिपकीला तळहातावर घेतलं आणि लगेच दिव्याखाली ठेवलं.

"त्या यंत्रानेच ना?" त्याने विचारलं. त्याला दोषी ते यंत्रच हवं होतं. घरी जाऊन हातोडीने फोडता आलं असतं.

"नाही. पालींचे कान इतका बारीक आवाज पकडत नाहीत, असं आजवरचं ज्ञान सांगतं. पांढरा उंदीर पाळला असतात तर गोष्ट वेगळी. तरी पालींवर कोणी नीट तपासलेलं नाही, म्हणून मी स्वतः पेटीजवळ लावणार नाही. पण ही गारठलीय. दिवा नव्हता का?"

त्याने सगळं सांगितलं. फोम, थर, दिवा.

"काका, गोधडी आपल्याला गरम करत नाही. आपल्याच अंगची ऊब ती धरून ठेवते. हिला अंगची ऊबच नसते. ती बाहेरूनच द्यावी लागते. पोट गार पडलं की खाल्लेलं पचत नाही."

तो बाकावर बसला. बायको शेवटच्या वर्षी सारखं म्हणायची, गार वाटतंय. तो दर वेळी नवी रजई शिवून आणायचा. "कापसात पुरता की काय मला!" ती हसायची. डॉक्टरकडे नेलं तेव्हा अंगात रक्तच उरलं नव्हतं, आणि कारण शोधेपर्यंत उशीर झाला होता. गादीवाल्याच्या हातात दुसरं काय होतं? हे तो इतके दिवस स्वतःला विचारत होता. आज त्याने विचारलं नाही.

दुपारी ठिपकीने एकदा पापण्या उघडल्या आणि सावकाश मिटल्या. त्यानंतर ती हलली नाही. बाईंनी दिवा मात्र बराच वेळ तसाच ठेवला, त्याच्यासाठी.

त्याने लेकीला फोन लावला.

"ठिपकी गेली. माझ्या हातून गेली. दिवा मीच काढला होता."

मग ती म्हणाली, "मी मागितली होती ना तुमच्याकडे?"

"हो."

"दिली असतीत तर जगली असती."

"हो गं."

त्याने सबब सांगितली नाही. उंदरांचं नाव काढलं नाही, खोक्यावरच्या चित्रांचंही नाही. लेक रडायला लागली. आईच्या वेळी ती त्याच्यासमोर अशी रडली नव्हती, त्यानेही रडू दिलं नव्हतं, कामाला लाग, पाहुण्यांचं बघ, असं चाललं होतं.

"बाबा," ती नाक ओढत म्हणाली, "आई शेवटी कशाने गेली ते मला नीट सांगाल? पहिल्यापासून? दर वेळी तुम्ही विषय बदलता."

"सांगतो," तो म्हणाला. "तिला गार वाटायचं. मी रजया शिवत राहिलो." लेकीने फोन ठेवला नाही. ती ऐकत राहिली.