डावी खिडकी

मनोहररावांचं लग्न ठरलं तेव्हा धंतोलीतल्या आम्ही शेजाऱ्यांनी त्यांच्या वतीने जमेची बाजू मांडून ठेवली होती. सासऱ्यांची मोटार शिकवायची शाळा, म्हणजे एक जुनी फियाट येणार. मुलगी शामला, मॅट्रिक, हसरी. आणि न मागता वर मिळालेलं म्हणजे मुलगी स्वतः मोटार चालवते. सत्तर सालाच्या आसपास बाई मोटारीच्या चाकावर दिसली की पोरं सायकली थांबवून बघत. चित्रकाराला आणखी काय पाहिजे?

रस्ता पाहिजे होता. घरात बसून काढलेलं चित्र मनोहररावांना शिळं वाटे. धावत्या गाडीतून झाडं एकमेकांत मिसळतात, तशी ती कागदावर यायला हवीत. म्हणून दर रविवारी जबलपूर रोड. शामलाबाई चाकावर, मनोहरराव डाव्या खिडकीशी, मांडीवर फळी.

"हळू घे वं. पण थांबू नको. थांबली का मेलं चित्र."

बैलगाडी आडवी आली तरी चित्र जगवायची जबाबदारी शामलाबाईंची.

परतीच्या वाटेवर मनसर आलं की डावीकडे रामटेकची टेकडी उन्हात उजळलेली दिसे आणि मनोहरराव "अरे वा, अरे वा" सुरू करत. समोरून ट्रक येत असत. शामलाबाईंना मान वळवता यायची नाही.

"अहो, मलेबी एकदा त्या बाजूनं बसू द्या ना. पाहू द्या, काय एवढं वा-वा करून राहिले तुम्ही."

"काहून, चित्रात नाही दिसत तुले?"

"चित्रात तुमची टेकडी दिसते."

"बरं, हे प्रदर्शन होऊ दे."

प्रदर्शनं होत राहिली. शामलाबाईंचा उजवा खांदा धरू लागला, घरात टर्पेंटाइनपेक्षा मालिशच्या तेलाचा वास जास्त येऊ लागला, तेव्हा कुठे मनोहरराव सासऱ्यांकडे मोटार शिकले. सासऱ्यांनी शिकवलं, आणि कुणी शिकवलं ते कुणाला सांगू नका म्हणाले.

तो रविवार उजाडला. शामलाबाई ठेवणीतली साडी नेसून डाव्या खिडकीशी बसल्या. देवलापारहून परतताना वारा लागत होता, गाडी एका लयीत हलत होती आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवायची सक्ती नव्हती. मनसरच्या अलीकडेच मान कलली. जाग आली ती कन्हानच्या पुलावर.

"टेकडी?"

"गेली असंल. मी डांबर पाहून राहिलो होतो वं."

त्या आठवड्यात मनोहररावांनी तेच काढलं. नुसतं डांबर, खड्डे, बैलांची पाठमोरी जोडी, अंगावर येणारा ट्रक. चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. वर्षानुवर्षं चाक हातात धरल्याशिवाय अशी नजर येत नाही, असं बक्षीस द्यायला आलेले पाहुणे भाषणात म्हणाले.

शामलाबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. जांभई दाबत म्हणाल्या, "लायसन निघून दोन महिने नाही झाले यांचं."

पुढच्या रविवारी मी फाटकातून पाहिलं. चाकावर पुन्हा शामलाबाई. चालवायचं आणि काढायचं एकदम जमत नाही, शिवाय हात भरून येतात, असं मनोहररावांचं म्हणणं. ते आता मागच्या सीटवर मधोमध बसून त्यांच्या खांद्यावरून समोर पाहत होते.

"डोकं जरा खाली घे वं. रस्ता झाकते."

डाव्या खिडकीशी रंगांची पेटी ठेवलेली.

तर मनोहररावांना नवा रस्ता मिळाला, आम्हा शेजाऱ्यांना मिरवायला बक्षीसवाला चित्रकार मिळाला, आणि टेकडी दर रविवारी रंगांच्या पेटीला दिसते. खर्च सगळा त्या उजव्या खांद्याच्या नावावर.