उकळलेली कात्री

ठाण्याच्या इस्पितळातून सुट्टीवर घरी आली की प्रमोदिनी पुढच्या दाराने यायची नाही. डोंबिवलीच्या त्या बैठ्या घराला ओटी होती, ओटीवर नानांची आरामखुर्ची होती. पण हिची वाट विहिरीच्या कडेने, अळूच्या वाफ्यावरून मागल्या पडवीत शिरायची. लग्नानंतर वर्षभरातच ती कोऱ्या कपाळाने माहेरी परतली, तेव्हा माई एवढंच म्हणाली होती, "मागून ये गं." ते 'मागून' तेव्हापासून चालूच होतं.

आजही तिने इस्पितळातले कपडे बादलीत बुडवले, अंघोळ केली आणि शेंगा मोडायला चुलीपाशी बसली. समोर धाकट्या भावाची, आनंदची बायको हेमावहिनी पाय पसरून बसलेली. दिवस अगदी भरत आले होते. तिला माहेर उरलं नव्हतं, म्हणून बाळंतपण सासरीच होणार होतं.

"वन्सं, काय शिकवलं हो यंदा?"

"नाळ बांधायला." प्रमोदिनीने शेवग्याच्या शेंगेला दोऱ्याच्या दोन गाठी मारून दाखवल्या. "इथं एक, इथं एक, मधे कात्री. कात्री उकळलेली, दोरा उकळलेला, हात कोपरापर्यंत धुतलेले."

"आणि बाळंतीण? तीही उकळलेलीच का?"

दोघी खळखळून हसल्या. हसता हसता प्रमोदिनीला ठाण्याचा वॉर्ड आठवला. तिथं सगळ्याच मुली पांढऱ्या कपड्यांत. कोण विधवा, कोण कुमारिका, कुणी विचारत नव्हतं. सांगाड्यावरची हाडं पाठ करायची, चादरीचे कोपरे दुमडायचे, सिस्टरच्या देखरेखीखाली मूल हातात झेलायचं. मूल हातात आलं की आधी रडायचं. ते कपाळ बघून रडत नसे.

"हेमा, ऊठ तिथून!" दारातून माईचा आवाज आला. "तिन्हीसांजेची तिच्यासमोर काय बसलीस?"

हेमा उठली. शेंगेवरच्या दोन गाठी तशाच राहिल्या.

त्या संध्याकाळी प्रमोदिनी ओटीच्या दाराआडून बोलली, "नाना, वहिनीला ठाण्याला नेऊ या."

नाना निवृत्त मास्तर. वाचनालयात स्त्रीशिक्षणावर बोलायला उभे राहिले की माणसं टाळ्या वाजवत. 'माझी लेक परिचारिकेचं शिक्षण घेते आहे' या वाक्याला तर हमखास. त्यांनी चष्मा काढला, पुसला. "ते तुझ्या आईचं खातं. तिला विचार."

"आपल्या घरात इस्पितळात कुणी बाळंत झालेलं नाही," माई म्हणाली. "कोपर गावची सुईण सखुबाई यायची आहे. आनंदच्या वेळी मला तिनेच सोडवलं."

"मग मला खोलीत राहू दे. सखुबाईच्या हाताखाली राहीन."

माईने डोळ्याला पदर लावला. "पमा, मी तुझी आई आहे. ते माझ्या तोंडून वदवू नकोस."

याहून जाड भिंत कुठली असते? रागाने लोटलं तर माणूस भांडतो. रडून लोटलं तर कुणाशी भांडायचं?

हेमाला कळा लागल्या त्या भर दुपारी. न्हाणीशेजारची अंधारी खोली सारवलेली होती, शेगडी पेटली होती. सखुबाई आली, माई आत गेली, दार लोटलं गेलं. सखुबाईचा नवरा भिवा जिवंत होता, एवढ्यावर तिच्या हाताला त्या खोलीत मान होता. प्रमोदिनी बाहेर उभी होती. आतल्या एकेका कण्हण्याचा अर्थ तिला कळत होता आणि तिचे हात रिकामे लोंबत होते.

उंबऱ्याच्या आत, पाळण्याची दोरी,
उंबऱ्याच्या बाहेर, उभी लेक कोरी.

जात्यावर बसणाऱ्या कुणा बाईने हे पाहिलं असतं तर असंच काहीसं गायली असती.

मग तिला एक वाट सुचली. आपण नाही तर नाही, आपली कात्री तरी आत जाईल. तिने चुलीवर पातेलं चढवलं, ठाण्याहून आणलेली कात्री नि दोरा खदखदा उकळला. झाकणासकट पातेलं दाराशी नेलं. फट उघडली, माईचा हात बाहेर आला.

"आई, नाळ याच कात्रीने. कशाला टेकवू नका, काही लावू नका. ऐकतेस ना?"

"हो गं, हो."

दार लागलं. काही वेळाने मुलाचा टाहो उठला आणि प्रमोदिनी भिंतीला टेकून हसत, रडत खाली बसली.

सखुबाई हात धुवायला विहिरीवर आली, तेव्हा प्रमोदिनी तिच्यासाठी पाणी शेंदत होती. "पोर कसा लालबुंद झालाय बाय! आनंदभाऊच दिसतंय."

"माझी कात्री चालली ना?"

"चालली त! माईनी आधी शुद्द केली. गोमूत्र शिंपडला, गोवरीची राख लावून पुसली नि मग मना दिली." सखुबाईने नजर चुकवली. "तुजा हात लागला व्हता ना... मी काय बोलनार?"

पोहरा प्रमोदिनीच्या हातून सुटला आणि विहिरीत घुमला.

तिने आईचं नाव न काढता आनंदला सांगितलं, नानांना सांगितलं: बाळाला आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे न्या. "अगं, चांगलं पितंय की," आनंद म्हणाला. "ताई, तुझं ते शिकलेलं जरा बाजूला ठेव." बाळ खरंच पीत होतं. पाचवी पुजली, पाटावर विडा ठेवला, माईने बारशाची नावं काढली.

आणि एका सकाळी बाळाने तोंड उघडलं नाही. हेमा छातीशी धरी, ते ओठ आवळून घेई. पुढे कुणी हात लावला, दाराची फट उघडून उजेड पडला, तरी ते कोवळं अंग कमानीसारखं ताठ होई. आनंद टांगा आणायला धावला. टांगा आला तेव्हा बाळाला कुठे न्यायचं उरलं नव्हतं. मागाहून आलेले डॉक्टर 'धनुर्वात' म्हणाले. माईने तो शब्द ऐकलाच नाही.

"लावलास ना हात शेवटी?" ती लेकीला म्हणाली. "कात्रीतून लावलास."

प्रमोदिनीच्या ओठांवर सगळं आलं: राख, गोमूत्र, सगळं. पण समोर आईचा चेहरा होता. एका वाक्यात ती मोडून पडली असती. ते वाक्य प्रमोदिनीने गिळलं, आणि सगळं घर तिच्याकडे पांढऱ्या पायाची म्हणून पाहू लागलं.

"आता ठाणं पुरे," माईने सांगून टाकलं. तिची ठाण्याची पिशवी माळ्यावर गेली. परीक्षा जवळ आली होती. नानांनी वर्तमानपत्राची घडी मोडली, पुन्हा घातली. "काही दिवस राहू दे घरी. लोक बोलतायत." दुपारी पडवीत बसून ती हाडांची नावं मनात म्हणे, म्हणता म्हणता थांबे. कुणासाठी म्हणायची?

मग हेमाला ताप भरला. बाळ गेलं तरी दूध गेलं नव्हतं. छाती दगडासारखी घट्ट झालेली, अंग थरथरत होतं. विटाळ म्हणून तिला कुणी शिवत नव्हतं. माई लांबून काढा सरकवत होती. आतून क्षीण हाक आली, "वन्सं..."

प्रमोदिनी उठली. कार्बोलिक साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि उंबऱ्याशी आली. माई आडवी उभी राहिली.

"पुन्हा? एक नेलंस, आता हिला?"

"माई, बाजूला व्हा." आवाज हेमाचा होता. "मी जागी होते. वन्संनी दारातून सांगितलं, काही लावू नका. मी ऐकलं. तुम्ही राख लावलीत, तेही पाहिलं. मला तेव्हा बोलता आलं नाही. सून ना मी... आता बोलते. माझं बाळ वन्संच्या हाताने गेलं नाही. वन्सं, आत या."

माईने लेकीकडे पाहिलं. तिला वाटलं, पमा आता म्हणेल, 'खोटं आहे हे.' प्रमोदिनी काहीच म्हणाली नाही. माईच्या हातातली वाटी जमिनीवर पडली आणि ती चौकटीला धरून सावकाश खाली बसली.

प्रमोदिनीने उंबरा ओलांडला. खिडकी उघडली, गरम फडक्याने शेकलं, हलक्या हाताने दूध काढलं. हेमा दात आवळून रडली. बाळ गेल्यापासून ती आज पहिल्यांदा रडत होती.

"आई, आणखी पाणी तापव."

माईने पाणी आणलं. सवयीने तिचा हात कोनाड्यातल्या गोमूत्राच्या गडूकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला.

"पमा," ती म्हणाली, "हात कुठवर धुवायचे?"

"कोपरापर्यंत, आई."

हेमाचा ताप उतरला त्या सकाळी प्रमोदिनीने स्वतः शिडी लावून पिशवी काढली. ओटीवर नाना बसले होते. मांडीवर भाषणाचे कागद होते. त्या आठवड्यात पुन्हा वाचनालयात बोलायचं होतं. लेक पुढच्या दारातून बाहेर येताना पाहून ते गोंधळून उठले.

"निघालीस?"

"हो. परीक्षा आहे." ती पायरीवर थांबली. "नाना, भाषणात मी शिकते ते सांगता. आपल्या बाळाचंही सांगाल?"

नानांनी हातातल्या कागदांची घडी घातली.

"लवकर ये," एवढंच ते म्हणाले.

"येईन," प्रमोदिनी म्हणाली. "पुढूनच येईन."