भंगार म्हणवून घ्यायचं होतं

मित्रांनो, त्या सकाळी माझ्या मालकाला फक्त तोंड मिटून उभं राहायचं होतं. तेवढ्या मोबदल्यात मी त्याच्याकडे राहणार होते, धंदा चालणार होता आणि डोक्यावरचं बरंचसं देणं पुसलं जाणार होतं. गप्प बसण्याची एवढी मजुरी मी तरी कुणाला मिळालेली पाहिली नाही. पण मालक केस कापतो, आणि जीभ थांबली की त्याची कात्रीही थांबते.

मी त्याच्या सलूनमधली जुनी खुर्ची. लोखंड ओतून माझा पाय घडवला, वर चामड्याची गादी चढवली. मालकाच्या वडिलांनी मला आणलं तेव्हा शेजारचे दुकानदार नुसते बसून बघायला यायचे. खालचा दांडा पायाने दाबला की मी वर जायचे, अगदी आवाज न करता. माझ्यावर बसून माणसं खरं बोलायची. गळ्याशी वस्तरा असला की खोटं सुचत नाही.

मग मालकाला मोठं व्हायची हौस आली. बँकेचं कर्ज काढून त्याने पलीकडच्या रस्त्यावर दुसरं दुकान थाटलं. भिंतभर आरसे, गार हवा, नव्या खुर्च्या. मला तिथे नेलं नाही. शोभले नसते म्हणे. गिऱ्हाईक मात्र आरशांपुरतंच आलं. दुकान बसलं, हप्ते थकले. एखादी कंपनी बुडाली तर कंपनी बुडते, मालक घरी जाऊन जेवतो. हा पडला एकटा माणूस. दुकानाचं देणं आणि घरचं देणं एकाच खिशातलं. शेवटी त्याने दिवाळखोरीचा अर्ज केला.

त्यातला नियम तसा माणुसकीचा आहे, मित्रांनो. जे असेल ते विकून ज्यांचे पैसे अडकलेत त्यांना वाटायचं, उरलेलं माफ. पण पोट भरायची हत्यारं सोडून द्यायची. ती फार महाग असली तरच विकायची आणि त्या जागी साधी घेऊन द्यायची.

मालकीणबाईंनी हे नीट समजून घेतलं होतं. "अहो, साहेब म्हणतील त्याला हो म्हणायचं. खुर्चीला काहीही म्हणोत."

"कळतं मला. लहान आहे का मी?"

सामानाची किंमत करणारे साहेब आले. त्यांनी पेनाने माझी गादी टोचली. "ही भंगारच दिसते. राहू द्या तुमच्याकडे."

"भंगारच, साहेब," बाई घाईने म्हणाल्या.

मी मनाला लावून घेतलं नाही. मालकाने घेतलं.

"भंगार? जरा बसून बघा, साहेब."

"अहो, त्यांना कामं आहेत!"

"दोन मिनिटं बसतील. माझ्या वडिलांची खुर्ची आहे ती!"

साहेब बसले. मालकाने मला हळूच मागे कलवलं. साहेबांनी डोळे मिटले, सुस्कारा सोडला. तेवढ्यावर थांबावं ना? पण मालकाला रंग चढला होता. "अशी आता बनत नाही. जुन्या वस्तूंचा एक शौकीन मागे लागला होता. दुकानाचं वर्षाचं भाडं देत होता, मी दिली नाही!"

साहेबांचे डोळे उघडले. "म्हणजे किती?"

मालकाने छाती काढून आकडा सांगितला. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, हे बोलायची काय गरज होती?" साहेब उठता उठता म्हणाले. त्यांनाही वाईट वाटलं असावं. "आता मला विकावीच लागेल. किंमत तुमच्याच तोंडची आहे."

त्याच शौकिनाने मला घेतलं. हल्ली मी त्याच्या दालनात रस्त्याकडच्या काचेजवळ असते. रोज माझी धूळ पुसतात, पण बसू कुणाला देत नाहीत. मित्रांनो, वस्तूंना जपा, पण त्यांना कामातही राहू द्या. नुसत्या कौतुकाने माझे सांधे आखडू लागलेत.

परवा एक जुनं गिऱ्हाईक काचेतून मला ओळखून आत आलं आणि शौकिनाला पुढची हकीकत सांगून गेलं. माझ्या पैशांतून विक्रीचा खर्च निघाला, हमाली निघाली, एक हलकी खुर्ची आली. उरलं ते बँकेला गेलं. बँकेच्या थकबाकीत ते कुठे जिरलं, दिसलंसुद्धा नाही. मालकाचं देणं माफ झालं. नव्या खुर्चीला डोकं टेकायला मात्र काही नाही. म्हणून दाढी करताना मालकीणबाई मागे उभ्या राहतात आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचं डोकं दोन्ही हातांनी धरतात. त्यांच्या मजुरीचा आकडा अजून कुणी काढलेला नाही.