त्यार्कचं हसू

आमच्या मधमाशीपालक मंडळात ओनो अध्यक्ष आणि मी चिटणीस. म्हणजे घोळ त्याने घालायचा आणि इतिवृत्तात मी लिहायचा. इंटरनेटवरची खासगी माहिती जपण्याचा कायदा आला, तेव्हा ओनोने वेबसाइटवरच्या फोटोंतले सगळे चेहरे पुसट केले. तोंडावर जाळी असलेल्यांचेसुद्धा. मूळ फोटो ठेवणं जोखमीचं म्हणून तेही काढून टाकले आणि महिनाभर छाती फुगवून फिरला.

त्यातच आमच्या सभासद गेशेच्या नवऱ्याचा, त्यार्कचा फोटो होता. जाळी वर करून खदखदून हसतानाचा. तोवर त्यार्क जाऊन वर्ष झालं होतं आणि हसतानाचा तेवढा एकच फोटो होता. गेशे मागायला आली, तेव्हा त्यार्कची लेखी संमती दप्तरी नव्हती म्हणून पुसला, असं ओनोने तिला सांगितलं.

पुढे बर्लिनहून मंत्रालयाची प्रश्नावली आली: कायदा चांगला की वाईट? आम्ही बैठक बोलावली. चहाचे दोन-दोन कप रिचवूनही मत ठरेना. नको त्या जाहिराती थांबल्या म्हणून निम्मे खूश, तर मधमाश्यांपेक्षा फॉर्मच जास्त सांभाळावे लागतात म्हणून निम्मे वैतागलेले.

"ओनो, हा कायदा मेलेल्या माणसांना लागतो का रे?" गेशेने विचारलं.

ओनोने चष्मा लावला आणि पहिल्यांदाच कायदा उघडला. बराच वेळ पानं चाळली. "नाही. फक्त जिवंतांना."

मला त्याचा संताप आला. आणि स्वतःची लाज वाटली, कारण मी तरी कुठे वाचला होता?

ओनो घाईघाईने पुढच्या विषयाकडे वळला. एका औषध कंपनीने आमच्या वेबसाइटवरचा जुना फोटो चोरून सर्दीच्या गोळ्यांच्या जाहिरातीत वापरला होता. तक्रारीचं पत्र तयार होतं, महिन्याभरात फोटो निघाला असता. त्याने जाहिरातीचा कागद फिरवला. त्यावर त्यार्क हसत होता, अगदी स्वच्छ.

गेशे कागदावरून बोट फिरवत राहिली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता.

"कायदा पाळणाऱ्याने माझा नवरा पुसला आणि मोडणाऱ्याने जपला. पत्र पाठव, ओनो. पण आधी हा फोटो मला मोठा करून दे."

तिने तिसरा कप संपवून चमचा कपात ठेवला. आमच्याकडे चमचा कपात गेला की आणखी चहा नको, पुरे.

प्रश्नावलीत मी 'चांगला' यावर खूण केली आणि खाली लिहिलं, 'मात्र राबवणाऱ्याने आधी वाचावा.' मग कागद सहीसाठी पुढे सरकवला.

ओनोने न वाचताच सही ठोकली.