चिंधीच्या पोटातला दोरा

घर्र, घर्र. दुकानात आवाज आला आणि मी दचकले, कारण माझं पायडल तेव्हा थांबलेलं होतं. त्या दिवसापर्यंत जलालभाईंच्या दुकानात घरघर करणारी मी एकटीच होते.

मी शिलाई मशीन बोलतेय. भोरच्या बाजारपेठेतली, काळ्या अंगाची, पायानं चालणारी. जलालभाईंच्या बायकोच्या, बानोभाभींच्या वडिलांनी मला लग्नात दिलं, म्हणजे नवरीबरोबरच मी या घरात आले. भाभी हसून म्हणायच्या, "माझ्या बापानं पोरीसंगं सवत पण धाडली." जलालभाई रोज सकाळी मला तेलाचे दोन थेंब द्यायचे, मऊ फडक्यानं पुसायचे. वीस वर्षं असं सुखाचं गेलं.

मग ती घरघर. चिंध्यांच्या खोक्यात मांजरीचं पिल्लू निघालं. नाव पडलं चिंधी. ती माझ्याच फळीवर, सुईशेजारी बसू लागली. जलालभाई एका हातानं कापड सरकवायचे आणि दुसऱ्या हातानं तिला कुरवाळायचे. तो दुसरा हात आधी माझ्या चाकावर असायचा.

"आता मला दोन सवती," भाभी म्हणाल्या. मला हसू आलं नाही.

नव्व्याण्णव सालचा मे महिना, गणवेशांची घाई. चिंधी फळीवर आली की मी दोरा तोडायची. टच. जलालभाई पुन्हा ओवायचे, तुटका तुकडा खाली टाकायचे. पुन्हा टच. "म्हातारी झालीस व्हय गं?" एवढंच ते म्हणाले. एकदा हातभर लांब तुकडा खाली पडला. चिंधी उतरली, त्याच्याशी खेळली आणि खेळता खेळता गिळत गेली. मी पाहिलं. थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला सांगू.

दोन दिवस ती ओकत राहिली. तिसऱ्या दिवशी शेपटीखाली दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं. सुटा दोरा दिसला की जलालभाईंचा हात आपोआप जातो, जन्माची सवय. त्यांनी ओढला. चिंधी जी ओरडली, तो आवाज अजून माझ्या लोखंडात आहे.

जनावरांच्या डॉक्टर शिवानीबाई पासली गावाला गुरांना लस टोचायला गेल्या होत्या. परतल्यावर भाभींनी त्यांना एसटी स्टँडवरूनच गाठून आणलं. दवाखान्यात गाईबैलांना अडकवून उभं करायचा खोडा तेवढा होता, म्हणून सामान इकडेच मागवलं आणि चिंधीला कापड बेतायच्या टेबलावर घेतलं.

"दोरा ओढलात का?"

"ओढला. हातच तसा गेला बघा."

बाईंनी चिंधीची जीभ उचलून दाखवली. "एक टोक इथं जिभेखाली अडकलंय. ओढल्यावर सगळं आतडं दोऱ्यावर गोळा झालं."

"चुण्या पडल्या," जलालभाई हळूच म्हणाले. दोरा ओढून पोरींच्या फ्रॉकला चुण्या त्यांनी त्याच हातांनी हजारदा पाडल्या होत्या.

"चुण्याच. वाचेल असं मी म्हणत नाही."

भूल दिली. जिभेखालचा दोरा कापला. पोट उघडून आतड्याला तीन ठिकाणी चीर दिली आणि दोरा तुकड्यातुकड्यानं काढला. मग बाईंनी वाकड्या सुईनं बारीक टाके घातले. जलालभाई दिवा धरून उभे होते.

"असला टाका मला जमायचा न्हाई," ते म्हणाले.

वीस वर्षांत माझ्या टाक्याला ते असं कधी म्हणाले नव्हते. तिकडे मांजर मरणाच्या दारात, आणि मी त्या वाकड्या सुईवर जळत होते.

चिंधी वाचली. जलालभाई मात्र भेटेल त्याला सांगायचे, "म्या ओढला. माझ्या हातानं झालं." खाली पडलेला प्रत्येक दोरा ते उचलून खिशात ठेवू लागले. दोरा तोडत कोण होतं, हे कुणी विचारलंच नाही. त्यानंतर कित्येक वर्षं मी दोरा तोडला नाही.

चिंधी पुढे नऊ वर्षं जगली आणि म्हातारपणानं गेली. आता लोक तयार कपडे घेतात. मी कोपऱ्यात, अंगावर जुनी चादर. दुकानात घरघर करणारं कुणीच उरलं नाही. कधी वाटतं, तुमच्यापैकी कुणी भोरला आलात तर सांगा जलालभाईंना, सगळा दोष त्यांच्या हाताचा नव्हता.

परवा दुपारी त्यांनी माझ्यावरची चादर काढली. सुईत दोरा ओवायला फार वेळ लागला. उशीचा अभ्रा शिवायला बसले. मला बोलायचं होतं, आणि मला येणारी बोली एकच. तिसऱ्या टाक्याला मी दोरा तोडला. टच. त्यांनी पुन्हा ओवला. मी पुन्हा तोडला.

त्यांचे पाय थांबले. ते माझ्याकडे बघत राहिले, मग चिंधी बसायची त्या रिकाम्या फळीकडे. वाकून त्यांनी दोन्ही तुकडे उचलले, खिशात ठेवले, आणि चादर न घालताच निघून गेले.